खुराच्या उंचीवर

धार काढायला बसलं की डोळे खुराच्या उंचीवर येतात. उभ्या माणसाला गाय वरून दिसते: शिंगं, पाठ, अंगावरची चमक. बाजारातलं गिऱ्हाईक तशीच बघतं, फार तर कासेपर्यंत वाकतं. मी दिवसातून दोनदा, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, चरवी दोन गुडघ्यांत धरून तिच्या मागच्या पायाशी बसते. कास हाताला पाठ आहे, तिकडे बघावं लागत नाही. मग नजर जाते ती खुरावर.

गाईविषयी मला जे काही कळलं, त्यातलं बरंचसं या बसण्याच्या जागेवरून कळलं.

*

बैलाला पाय असतात आणि गाईला कास, असं शेतकऱ्याचं घर मानत आलं.

बैलाची पत्री ढिली झाली की नालबंदाकडे निरोप जाई. गाईच्या खुराकडे कुणी वाकून पाहिल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही. आत्याबाईंना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘गाईच्या पायाला काय करायचं असतंय? ती आपल्या पायानं जाती, आपल्या पायानं येती.’’

उत्तर त्या वाक्यातच होतं. माझ्या लक्षात यायला काही वर्षं गेली.

*

माणदेशातला माळ म्हणजे मुरूम, खडे आणि कुसळं. सकाळी सुटलेली गुरं दिवस मावळताना परतायची. खूर जेवढं वाढायचं तेवढं वाटेवर झिजायचं. कुणी हिशेब ठेवत नव्हतं आणि हिशेब चुकत नव्हता. माळ हीच कानस होती.

आता माझी गौरी दावणीला आहे. होल्स्टीन संकर, वेताला चांगली, दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर देते. खाली कोबा, पुढ्यात गव्हाण, चार हातांवर पाणी. तिला कुठे जायचंच नाही. खुराला मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. ते महिन्याला सुमारे पाच मिलिमीटर वाढत राहतं, जणू उद्या तिला माळावर जायचंच आहे.

ज्याचं चालणं आपण थांबवलं, त्याचं झिजणं आपल्या अंगावर येतं.

*

गोठ्यातलं कोणतंही काम घ्या, ते पूर्वी जनावर स्वतः करत होतं. पाणी ते शोधत होतं, आपण बादली नेतो. वैरण ते निवडत होतं, आपण कुट्टी करून टाकतो. पाठ बाभळीच्या बुंध्याला घासत होतं, आपण खरारा करतो. कोरडी जागा बघून बसत होतं, आपण शेण ओढतो. दावं बांधलं त्या दिवशी ही सगळी कामं आपण त्याच्याकडून आपल्याकडे घेतली.

म्हणून गाईची सेवा हा शब्द मला जड वाटतो. मी तिचं देणं फेडते आहे. देणं रोजचं असतं आणि त्याला सुट्टी नसते.

*

चातुर्मासात आत्याबाई उंबऱ्याशी तेहतीस गोपद्मं काढायच्या. पांढऱ्या रांगोळीची, चिमटीतून सोडलेली, एकसारखी. दोन नख्या, मध्ये फट. वसुबारसेला गाईच्या पायावर पाणी घालून हळदकुंकू. लग्नाच्या पत्रिकेवर गोरज मुहूर्त: परतणाऱ्या गाईंच्या खुरांनी उडवलेली धूळ आपण शुभ मानली, इतकी की तिच्यावर वेळ बेतली.

आमच्या गावात आता ती धूळ उडत नाही. सांजेला गाई परतत नाहीत, कारण सकाळी त्या गेलेल्याच नसतात.

आपल्या भाषेनं आणि सणांनी गाईच्या पायांना इतका मान दिला आहे की, तो पाय उचलून खालून बघायचं राहून गेलं. पाया पडणाऱ्याचं डोकं पायावर असतं, डोळे मिटलेले असतात. मी पूजा सोडलेली नाही. वसुबारसेला अजूनही पाणी घालते. फक्त आता आधी घासून धुते, नख्यांच्या मधली फट बोटानं मोकळी करते, मग हळदकुंकू लावते. गोपद्मातली ती मधली फट आत्याबाई कधी विसरल्या नाहीत. खऱ्या खुरात नेमकं तिथंच शेण अडकतं, खडा अडकतो, कातडी सडायला लागते.

*

लंगडणं हा पहिला टप्पा नव्हे, तो बऱ्याच उशिराचा आहे.

मूळची ही शिकार होणारी जात. दुखतंय असं दाखवणाऱ्याला वाघ आधी धरतो, हे तिच्या रक्तात आहे. त्यामुळे ती दाखवत नाही. आधी फक्त उभं असताना भार बदलते: हा पाय, तो पाय. मग चालताना पाठ किंचित कमानदार होते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताच मान वर उडते. गव्हाणीशी शेवटी येते. एरवी दिवसाचे दहा-बारा तास बसणारी गाय त्याहून जास्त बसून राहते. चरवीतलं दूध कमी होतं, आणि घरात विचारलं जातं की पेंड बदलली का.

दूध आटल्याचं कारण आपण तोंडाशी शोधतो. पुष्कळदा ते पायाशी असतं.

*

गौरीच्या दुसऱ्या वेताची गोष्ट. मागचा उजवा पाय ती टेकेना. उपचार करणाऱ्यानं सूज बघितली, तीन दिवस सुया दिल्या. पाय कुणी उचलून पाहिला नाही. मीही नाही. सुई देताना मी तिच्या मानेशी उभी होते, कपाळ कुरवाळत. माया करत होते आणि चुकीच्या टोकाला उभी होते.

चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टर आल्या. मागच्या पायाच्या सांध्यावर दोर घेतला, गोठ्याच्या आडव्या पाइपावरून ओढून पाय वर बांधला, खूर धुतलं आणि वाकड्या टोकाच्या सुरीनं तळव्याचा एक पातळ पापुद्रा काढला. खाली कोऱ्या मेणासारखा पिवळट तळवा. त्याच्या कडेला, भिंत आणि तळवा जिथं जुळतात त्या पांढऱ्या रेषेवर, एक काळा ठिपका. तीळ असावा एवढा.

‘‘इकडं या, बघा,’’ त्या म्हणाल्या. ठिपक्याच्या मागं सुरी थोडी थोडी खाली गेली. ठिपका संपेना. मग एकदम करड्या रंगाचा, पाण्यासारखा पातळ पू फुटला. वास असा की मी तोंड फिरवलं. गौरीनं तोंड फिरवलं नाही. तिनं एक लांब श्वास सोडला, इतका लांब की पोटाची कातडी आत गेलेली दिसली. दोर सोडल्यावर पाय हवेत थोडा वेळ तसाच ठेवला. मग टेकवला. मग त्याच्यावर भार दिला.

तिळाएवढ्या भोकातून चार दिवसांचं दुखणं गेलं.

त्या दिवशी मी सुरी धरायला शिकायचं ठरवलं.

*

शिकताना पहिली गोष्ट कळली ती ही की कापण्यात कौशल्य कमी आहे, थांबण्यात जास्त. अंगठ्यानं तळवा दाबून बघायचा. दबला की सुरी खाली ठेवायची. वाढलेली टोकं काढायची, तळवा राखायचा. मोठ्या गाईच्या खुराची पुढची भिंत, केसांच्या रेषेपासून टोकापर्यंत, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास हवी. माझी चार बोटं आडवी धरली की तेवढं माप होतं. हाताचं माप मिळालं म्हणजे ज्ञान घरचं झालं.

टोक लांब झालं की भार मागे टाचेवर जातो. गाय टोकावर उभी राहत नाही आणि टाचेवरही नीट राहत नाही, मधे अडकते. डॉक्टर सांगतात, वर्षातून दोनदा पाय बघा. मी दोनदा कापते. बघते रोज.

*

पाय उचलू देणं हा गाईचा मोठा विश्वास आहे. पळून जाण्याचं तिच्याकडचं एकमेव साधन ती आपल्या हातात देते.

तो विश्वास सुरीच्या दिवशी मागून मिळत नाही. हरणी, आमची खिल्लार, कालवड होती तेव्हापासून मी धार काढून उठताना तिच्या पायावरून हात फिरवत आले. आधी मांडी, मग सांधा, मग खाली. रोज एवढंच. पहिले काही महिने ती लाथ झाडायची. आता बोटं खुराला लागली की स्वतःच भार दुसऱ्या पायावर घेते.

*

खूर हे जनावराचं रोजनिशीचं पान आहे. ते वरून उगवतं आणि खाली जातं. बाळंतपण, ताप, उपासमार, एकदम बदललेलं खाणं, प्रत्येकाची आडवी वळ खुराच्या भिंतीवर उमटते आणि नव्या वाढीबरोबर हळूहळू जमिनीकडे सरकते. साडेसात सेंटिमीटर, महिन्याला पाच मिलिमीटर: सव्वा वर्ष लागतं एका आठवणीला जमिनीपर्यंत पोचायला.

गौरीच्या खुरावर मधोमध एक वळ आहे. मी बोटानं मोजते. सात-आठ महिन्यांपूर्वीची. ती व्याली तो महिना. तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी, त्यावरून सरकारला तिची लसीकरणाची तारीख कळते. तिचं त्या महिन्यात काय झालं, ते खुराला विचारावं लागतं.

*

लाडानं घातलेला भरडा पायातून बाहेर येतो.

व्यायल्यावर गाईला एकदम भरपूर धान्य चारण्याची आपल्याकडे हौस आहे. पोटात आम्ल वाढतं, त्याची झळ रक्तावाटे खुराच्या आतल्या नाजूक थरांना लागते. खूर ही बंद पेटी. आतल्या सुजेला फुगायला जागा नसते. नखाखाली रक्त साकळलेलं ज्यानं सोसलं आहे, त्याला ते दुखणं समजेल. तिला तशा आठ नख्या आहेत आणि त्यांच्यावर साडेचारशे-पाचशे किलोचा भार आहे.

खंगलेल्या गाईचं वेगळं. टाचेखाली आत चरबीची एक उशी असते. गाय वाळली की पाठीबरोबर ती उशीही पातळ होते, आणि हाड कोब्यावर चालल्यासारखं होतं. दुष्काळ डोळ्यांना बरगड्यांत दिसतो. तो खुरातही असतो.

*

नालबंद चाचा यायचे तेव्हा मामंजी होते. दोन बैल होते. ऊस ओढण्याआधी, हंगामाच्या तोंडावर, पत्र्या मारून घ्यायच्या. एका पायाला दोन, बैलाला आठ, जोडीला सोळा. बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र जखडायचे, एकानं मान धरून बसायचं. मान धरायचं काम मामंजी दुसऱ्या कुणाला देत नसत. बैलाच्या डोळ्यावर धोतराचा सोगा टाकून त्याच्या कानाशी काहीबाही बोलत राहायचे.

चाचा तोंडात खिळे धरून ठोकायचे. मी एकदा विचारलं, ‘‘चाचा, आत जिवंत भाग लागंल हे कसं कळतं तुम्हाला?’’ खिळे हातात काढून घेऊन ते म्हणाले, ‘‘आवाज बदलतो, ताई. टणक भागात खिळा बोलतो. मऊ लागला की गप्प होतो. गप्प झाला की आपण थांबायचं.’’

पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, चाचांची पेटीही यायची बंद झाली. पत्री गेल्याचं मला वाईट वाटत नाही. पाडलेल्या बैलाचा श्वास मी ऐकला आहे. पण दुसऱ्याच्या पायाचा आवाज ऐकून हात आवरणारा माणूस गावातून गेला, याचं वाटतं. सुरी चालवताना मी अजून कान देऊन असते. टणक तळव्यावर ती करकरते, मऊवर सरकते.

*

एका पायाच्या दोन नख्या सारखा भार घेत नाहीत. मागच्या पायात बाहेरची नखी जास्त सोसते, कारण मधे कास असते आणि पाय फाकून पडतो. जी जास्त सोसते ती जास्त वाढते. जास्त वाढते म्हणून आणखी भार तिच्यावर येतो. शेवटी आजारी तीच पडते. घरातल्या कर्त्या माणसाचं असंच होतं. त्याचं रुंद होत जाणं सगळ्यांना दिसतं आणि त्याला बळ समजलं जातं.

उपाय फार सुंदर आहे. आजारी नखीला पट्टी गौण. निरोगी नखीच्या तळाला लाकडाचा ठोकळा चिकटवतात. निरोगी उंच होते, भार तिच्यावर जातो, आजारी जमिनीवरून सुटते. भार निघाला की काही आठवड्यांत नवा तळवा यायला लागतो. बरं ती स्वतःच होते, फक्त तिच्यावरून कुणीतरी उतरावं लागतं.

*

सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले-इगतपुरीच्या बाजूला, डांगी जनावरं आहेत. त्यांचे खूर काळे, गारगोटीसारखे टणक. कोसळत्या पावसात, भाताच्या खाचरात दिवसभर उभी राहतात. हरणीचे खूरही काळे, अरुंद, आखूड. तिची नखी कापताना सुरीची धार जाते. गौरीचे रुंद, पिवळट, मऊ. ओल्या नखाचा कंगोरा जसा दुमडतो तसे पावसाळ्यात वाटतात.

मातीनं घडवलेलं खूर आणि दुधासाठी निवडलेलं खूर. गौरीला मी यात दोष देत नाही. चौदा लिटर मला हवे होते. त्या दुधावर धाकटीची फी भरली जाते. मऊ खूर त्या चौदा लिटरांबरोबर आलं, म्हणून त्याची कोरडी जागाही मीच करायची.

*

पावसाळा. कोबा सुकत नाही. सकाळी शेण ओढलं की दुपारी पुन्हा. चिंचोळी फट पांढुरकी होते, वास येतो. मोरचुदाचं पाणी करायचं, दहा लिटरला अर्धा किलो, निळंशार. आधी खूर स्वच्छ धुऊन, कारण शेण मिसळलं की मोरचूद निकामी होतं. उरलेलं पाणी मी ओढ्यात किंवा परसात ओतत नाही; तांबं मातीत साठतं, आणि मेंढ्यांना तर फार बाधतं. निळं पाणी दिसायला औषधासारखं असलं तरी जागा चुकली की विष आहे.

जखमेत अळ्या झाल्या तर आत्याबाई सीताफळाचा पाला वाटून भरायच्या. ते मी अजून करते, डॉक्टर येईपर्यंत.

लाळ्या-खुरकूत मात्र घरच्या पाल्याचा विषय नाही. तोंडात फोड, नख्यांत फोड. खाता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. दर सहा महिन्यांनी लस. टोचल्यावर दोन दिवस दूध कमी येतं म्हणून लस चुकवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्या दारातली जनावरंही पाहिली आहेत. याबद्दल मला सौम्यपणे बोलता येत नाही.

*

गेल्या वर्षी गोठ्याच्या मागच्या चार गुंठ्यांत तारेचं कुंपण घातलं. तिथं मका व्हायचा. आता तिथं गाई मोकळ्या असतात. खाली मुरूम टाकला, एका बाजूला माती तशीच ठेवली, मधे पाण्याची टाकी. चार गुंठ्यांचा मका गेला, हे घरात अजून बोललं जातं. मी ऐकून घेते, कारण ते खरं आहे.

पहिल्या दिवशी दावं सोडलं तरी गौरी जागची हलली नाही. दाव्याच्या लांबीइतकीच चालली, थांबली. हरणी शेपूट उभारून कुंपणाला तीन फेऱ्या घालून आली. गौरीला टाकीपर्यंत जायला दुपार झाली.

यंदा आषाढात, बेंदराच्या आधी पाय बघायला घेतले तेव्हा नख्या कमी वाढलेल्या होत्या. सुरी अर्ध्या वेळात धुऊन ठेवली. चार गुंठे माझ्या हाताचं काम करत होते.

*

आज मात्र गौरीचा पुढचा डावा पाय उचलून पाहिला. टाचेजवळ बाभळीचा काटा, अर्धा आत मोडलेला. चिमट्यानं ओढला, धुतलं, हळद आणि करंजाचं तेल लावलं. कापलेल्या नखीच्या चकत्या कुत्र्यानं पळवल्या. नेहमी पळवतो, आणि ओट्याखाली बसून सुपारीसारख्या चघळतो.

संध्याकाळी धार काढून दावी सोडली. रात्री सर येऊन गेली होती, टाकीभोवतालची माती अजून ओली होती. गौरी पाणी पिऊन बाजूला झाल्यावर मी तिथं वाकले. ठसे स्पष्ट होते, दोन नख्या आणि मध्ये फट. मागच्या पायाचे खोल, पुढच्या उजव्याचा खोल. डाव्याचा उथळ होता, फक्त टोक उमटलेलं.

टाच उमटते का, ते सकाळी बघायचं.